‘कार्टून बंद कर’ म्हणण्याआधी



मागच्या पालकसभेत एका आईने विचारलं, “बाई, हा घरी आला की माशा लावून बसतो. जेवणसुद्धा माशासमोरच. बंद कसं करायचं ते सांगा.” शेजारच्या दोन-तीन आयांनी माना डोलावल्या. मीही नेहमीचंच उत्तर दिलं. वेळ ठरवून द्या, जेवताना मोबाईल नको, वगैरे. पण घरी परतताना मला माझंच उत्तर पटेना.

दुसऱ्या दिवशी वर्गात, माझी पाचवी, मी मुलांना चिठ्ठ्या वाटल्या आणि आवडत्या कार्टूनचं नाव लिहायला सांगितलं. डोरेमॉन, शिनचॅन, छोटा भीम, मोटू पतलू आणि माशा. माशाच्या चिठ्ठ्या बऱ्याच होत्या. मराठीतलं नाव एकही नव्हतं. मी विचारलं, माशा कुठली? एक म्हणाला जपानची, दुसरी म्हणाली दिल्लीची, कारण ती हिंदी बोलते! माशा रशियाची आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वी मलाही नव्हतं.

मग मी शोधायला लागले, आणि शोधता शोधता मॉस्कोहून थेट आपल्या प्रभात रोडवर आणि सेनापती बापट रस्त्यावर येऊन पोचले. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलं कार्टून बघतात ही तक्रार दुय्यम आहे. मुलांसाठी चांगली चित्रं हलवायला कुठेतरी एक टिकाऊ कार्यशाळा लागते, तिथे जुने हात नव्या हातांना शिकवतात. ती पुण्यात सुरू झाली होती, आणि आपण ती टिकवली नाही.

आधी रशियाचं बघू. माशा २००९ साली आली, ती एका खासगी स्टुडिओची. पण ती आकाशातून पडली नाही. तिच्यामागे एक मोठं घराणं आहे, त्याचं नाव सोयूझमुल्तफिल्म. १० जून १९३६ रोजी मॉस्कोत हा सरकारी स्टुडिओ सुरू झाला. सुरुवातीची वर्षं त्यांनी डिस्नेची नक्कल करण्यात घालवली. आपल्याकडे मुलं आधी पाटीवरचं बघून गिरवतात तसंच. मग महायुद्ध आलं, मॉस्कोवर जर्मन फौजा चालून आल्या आणि स्टुडिओतली बरीच मंडळी समरकंदला हलली. युद्ध संपल्यावर परत येऊन पुन्हा काम सुरू. हळूहळू त्यांचा स्वतःचा हात बसला.

१९५४ चा त्यांचा एक चित्रपट तर भारतातल्या लोककथेवर आहे. त्याचं नाव ‘सोनेरी हरिण’, दिग्दर्शक लेव अतामानोव. गरीब मुलगा, लोभी राजा, आणि टापांखालून सोन्याच्या मोहरा उडवणारं हरिण. अट एकच, राजा ‘बस्स’ म्हणाला की सगळ्या सोन्याची खापरं होणार. मी हा वर्गात दाखवला तेव्हा भाषा एका अक्षरानेही न कळता मुलं राजावर ओरडत होती. मोगलीचंही तसंच. आमच्या पिढीला मोगली रविवारी सकाळी दूरदर्शनवर भेटला, आणि तो जपानी स्टुडिओने काढलेला होता. रशियनांनी त्याच्यावर पाच भागांची मालिका १९६७ ते १९७१ मध्येच केली होती. जंगल आपलं, गोष्ट आपल्या मातीतली, आणि चित्रं काढली दुसऱ्यांनी!

या स्टुडिओचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे १९७५ चा ‘धुक्यातला साळिंदर’. जेमतेम दहा मिनिटांचा. (तो प्राणी साळिंदर नाही, युरोपातला काटेरी जाहक आहे, पण वर्गात जाहक म्हटलं की कुणाला समजत नाही.) छोटा जाहक रोज संध्याकाळी अस्वलाकडे तारे मोजायला जातो, वाटेत धुकं लागतं, एक पांढरा घोडा दिसतो, तो वाट चुकतो. बस, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक युरी नोरश्टाइन, चित्रं त्यांच्या पत्नी फ्रांचेस्का यार्बुसोवा यांची. ते धुकं काय होतं माहीत आहे? अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक कागद. चित्रावर तो ठेवायचा आणि एकेका फोटोगणिक किंचित वर उचलायचा. संगणक नाही, काही नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनी हे ऐकल्यावर चित्रावर बटरपेपर धरून लगेच करून पाहिलं, आणि खरंच चित्र धुक्यात गेलं!

दहा मिनिटांच्या फिल्मचा हिशेब मी फळ्यावर करून घेतला. एका सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला १,४४०, दहा मिनिटांना १४,४००. एक चित्र दोन चौकटी धरलं तरी ७,२०० वेळा काहीतरी हलवायचं, थांबायचं, फोटो घ्यायचा. हे काम कोण करेल? ज्याला पुढच्या महिन्याचा पगार मिळणार आहे आणि ‘या आठवड्यात किती लोकांनी बघितलं’ असं कुणी विचारणार नाही, तोच. सोयूझमुल्तफिल्मने चित्रकारांना ही उसंत दिली. बदल्यात सरकारी नजरही होती, ती विसरून चालणार नाही. ख्रझानोव्स्की यांची १९६८ ची ‘काचेची हार्मोनिका’ ही फिल्म अधिकाऱ्यांना खुपली आणि तिच्यावर बंदी आली. तेव्हा सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. पण लहान मुलांच्या दहा मिनिटांसाठी मोठी माणसं वर्षभर खपायची, आणि हे काम हलकं मानलं जायचं नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते.

पुढे १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि स्टुडिओही कोलमडला. जुन्या चित्रपटांचे परदेशातले हक्क एका अमेरिकन कंपनीकडे गेले, वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली, आणि २००७ मध्ये एका रशियन उद्योगपतीने ते विकत घेऊन मायदेशी आणले. माणसं पांगली. पण इथे एक गोष्ट घडली, ती शिक्षक म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. खित्रूक, नोरश्टाइन, ख्रझानोव्स्की, नझारोव या जुन्या चौघांनी १९९३ मध्ये ‘शार’ नावाची शाळा काढली. शाळा आणि स्टुडिओ एकत्र. इमारत गेली, पैसे गेले, पण शिकवणं थांबलं नाही. म्हणून तिकडे पुढची पिढी तयार झाली. स्टुडिओ आता पुन्हा चालू आहे, आणि त्याच्या जुन्या फिल्म्स आपण घरबसल्या यूट्यूबवर बघू शकतो.

आमच्या पिढीतल्या पुण्याच्या घरांमध्ये रशियाची पुस्तकं होती. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची, मराठीत भाषांतर केलेली, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची, आणि आपल्या खिशाला परवडणारी. माझ्या बाबांनी लोकवाङ्मयच्या प्रदर्शनातून आणलेली दोन अजून माझ्याकडे आहेत, एकाची पाठ फाटली आहे. त्या पुस्तकांनी आम्हाला रशियातली मुलं, अस्वलं, बर्फ सगळं मराठीत दिलं. आज माशा येते ती हिंदीत. यावर काय बोलायचं!

आता आपल्याकडे येऊ. आणि इथे मला थोडा अभिमान आणि बरीच चुटपूट आहे.

१९१२ साल. मॉस्कोत स्तारेविच नावाचा गृहस्थ मेलेल्या भुंग्यांच्या पायांना तार लावून, त्यांना एकेक इंच हलवून फिल्म करत होता. ती बघून लोकांना भुंगे शिकवून तयार केलेत असं वाटलं म्हणे. त्याच वर्षी मुंबईत दादरला आपले दादासाहेब फाळके एका कुंडीसमोर कॅमेरा लावून बसले होते. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस नुकताच लंडनहून कॅमेरा घेऊन आला होता आणि ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करायला निघाला होता. पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून अधिक काळ त्या कुंडीचं थोडं थोडं चित्रण केलं. फिल्म झाली जेमतेम मिनिटभराची, ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढते. बघणारे थक्क झाले आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंनी दागिनेही काढून दिले. ३ मे १९१३ रोजी राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला, हे आपण सगळेच शिकवतो. पण त्याच्या आधीचा वाटाणा कोणत्याच वर्गात शिकवला जात नाही! १९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, त्यात काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार घेतात. म्हणजे भारतातल्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात एका मराठी माणसाने केली, तीही स्वयंपाकघरातल्या वस्तू घेऊन. वाटाणे आणि काड्या.

मग पुणे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. प्रभात रोडवरून रोज शाळेत येणाऱ्या मुलांना विचारा, प्रभात म्हणजे काय? ‘सकाळ’ म्हणतील. चूक नाही, पण रस्त्याला नाव सकाळचं नाही, त्या कंपनीचं आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही माणसं. त्यातले दामले आणि फत्तेलाल कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले चित्रकार. ज्यांच्या मालकांनाच ब्रश धरता येतो अशी कंपनी. तिथे १९३४ साली रघुनाथ केळकरांनी ‘जंबूकाका’ नावाची कार्टून फिल्म केली. जंबुक म्हणजे कोल्हा, तेव्हा हे कोल्होबांचं कार्टून. बोलपट येऊन तीनच वर्षं झालेली, आणि पुण्यात आवाजासकट कार्टून! (त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘पी ब्रदर्स’ केली, म्हणजे तिथेही वाटाणेच. भारतीय कार्टूनला वाटाण्याने का झपाटलं होतं कुणास ठाऊक.)

सोयूझमुल्तफिल्म सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. सुरुवात आपली आधीची. फरक पुढे पडला. तिथे पहिल्या फिल्मनंतर दुसरी आली, पन्नासावी आली, दीड हजारावी आली. आपल्याकडे जंबूकाकानंतर प्रभातमधून कार्टूनची परंपरा काही उभी राहिली नाही. दोष त्या माणसांना देता येत नाही. प्रभात ही खासगी कंपनी, तिकीट खिडकीवर जगणारी. ‘संत तुकाराम’ (१९३६) घराघरातून माणसं थिएटरात आणत होता, दहा मिनिटांचा कोल्हा किती आणणार? १९५३ च्या सुमाराला प्रभातच बंद पडली. १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली, ती आजही आहे.

सरकारच्या पाठबळावर हे काम झालं ते मुंबईत. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये कार्टून विभाग काढला. डिस्नेच्या ‘बांबी’वर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. जातकातल्या गोष्टीवर, अजिंठ्याच्या चित्रांच्या धाटणीची ‘बनियन डियर’ ही फिल्म १९५७ ची. आणि १९७४ ची ‘एक अनेक और एकता’ तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे, चिमण्या जाळ्यासकट उडून जातात ती. पण ती कुणी केली हे मी स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. ती विजया मुळे यांची. शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात काम करणारी, मुलांना काय कळतं आणि काय कळत नाही याचा आयुष्यभर विचार केलेली मराठी बाई. चित्रं भीमसेन यांची आणि संगीत वसंत देसाई यांचं. हे देसाई मूळचे कोकणातले, आणि उमेदवारी केली ती प्रभातमध्ये! आता दिसली का साखळी? प्रभातने तयार केलेला एक हात चाळीस वर्षांनी मुलांच्या सात मिनिटांच्या फिल्मला लागला आणि ती अजून जिवंत आहे. एवढंच मला म्हणायचंय. माणसं तयार व्हायला जागा लागते, आणि त्याचं फळ कुठे, किती वर्षांनी दिसेल ते सांगता येत नाही.

अशी जागा पुण्यात पुन्हा एकदा झाली होती. बालचित्रवाणी. १९८४ साली, सेनापती बापट रस्त्यावर. उपग्रहावरून मुलांना त्यांच्या भाषेत शिक्षण पोचवायचं म्हणून देशात सहा राज्यांत अशा संस्था निघाल्या, महाराष्ट्राची ती पुण्यात. तिथे हजारो कार्यक्रम झाले. गाणी, गोष्टी, बाहुल्या, विज्ञानाचे प्रयोग, तेही मराठीत, आणि मराठी मुलं डोळ्यांसमोर ठेवून. ते सगळेच चांगले होते असं नाही. काही फारच उपदेश करायचे, काही इतके संथ असायचे की आम्ही पंखा मोजत बसायचो. पण आमच्या शाळेत टीव्हीच्या लाकडी पेटीचं कुलूप उघडलं की सगळा वर्ग सतरंजीवर पुढे सरकायचा, हे मला लख्ख आठवतं. पडद्यावरची मुलं आमच्यासारखी बोलायची. वेणी घालणारी, तुकतुकीत तेल लावलेली. त्यात कुणी ‘अरे यार’ म्हणत नव्हतं.

नंतर केंद्राचं अनुदान थांबलं, राज्याने जबाबदारी पूर्ण उचलली नाही, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. तीनच वर्षांत कोरोना आला. मार्च २०२० नंतर आपण सगळे शिक्षक घरी, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात खडू, फळ्याऐवजी कपाटाच्या दारावर लिहीत व्हिडिओ काढत होतो. ते दिवस आठवा. मुलांसाठी मराठीत पडद्यावर शिकवणं ही ज्या माणसांची तेहतीस वर्षांची सवय होती, ती माणसं आपण तीन वर्षांपूर्वी घरी पाठवली होती. काम पुढे ई-बालभारतीच्या नावाने चालू झालं, ती मंडळी मेहनत घेतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण नव्याने सुरुवात करणं आणि पुढे चालू ठेवणं यात फरक असतो. शाळेत एखादे जुने सर निवृत्त व्हायच्या आधी नवीन शिक्षक त्यांच्या वर्गात वर्षभर बसला तर काय होतं, आणि सर गेल्यावर रिकाम्या खोलीत आला तर काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

‘आता यूट्यूब आहे, कुणीही मराठी कार्टून बनवू शकतो, सरकारी संस्था कशाला?’ असं एक पालक मला म्हणाले. बनवतात की! बडबडगीतांच्या ढीगभर चित्रफिती आहेत. एकच बाहुली, एकच उडी, गाणं तेवढं बदललेलं. त्या करणाऱ्यांची चूक नाही, त्यांना आठवड्याला चार टाकाव्या लागतात. धुक्यातला जाहक आठवड्याला चार होत नाहीत. शिवाय माशाही खासगीच आहे, हे मान्य. पण तिच्यामागे जो देशभर मुरलेला हात होता, तो सरकारी पैशावर पन्नास वर्षं मुरला.

एक भीती मला आणखी आहे. चित्रं जपावी लागतात, आणि त्यात आपण कच्चे आहोत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटच्या हजारो रिळांची राख झाली. नायट्रेट पेट घेतं. व्हिडिओटेप पेट घेत नाही, ती गुपचूप मरते. दमट हवेत चिकटते, चित्र पुसट होतं, आणि ती लावायची यंत्रंही भंगारात जातात. १९८४-८५ ची टेप आज चाळिशीत आहे. म्हणून बालचित्रवाणीच्या एकूण एक कार्यक्रमांची यादी, इयत्ता, विषय आणि वर्षासह, कुणाही शिक्षकाला उघडता येईल अशी जाहीर असली पाहिजे, आणि जे चांगलं आहे ते वर्गात फुकट लावता आलं पाहिजे. हे आपल्याच करातून झालेलं काम आहे. आपल्या शिक्षक संघटना पगार आणि बदल्यांसाठी निवेदनं देतात, जरूर द्यावीत, पण त्यात हा एक मुद्दा घालायला किती शाई लागते?

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? मी फाळक्यांची कुंडी वर्गात आणली. खरंच. शाळेच्या खिडकीत एक कुंडी, त्यात वाटाणे, समोर विटेवर खूण करून ठेवलेली मोबाईलची जागा. दिवसातून तीन फोटो, प्रार्थनेनंतर, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना. पाळ्या मुलांनीच लावल्या. पहिले पाच दिवस नुसती माती, तेव्हा दोघातिघांनी राजीनामे दिले. सहाव्या दिवशी माती किंचित उचलली गेली आणि राजीनामे परत घेतले गेले. महिन्याभरात पंच्याहत्तरच्या आसपास फोटो झाले. सेकंदाला बारा फोटो लावले तर फिल्म होते सहा सेकंदांची.

सहा सेकंद! ती आम्ही त्या दिवशी बहुतेक चाळीस वेळा लावली. नवव्या-दहाव्या वेळी आमच्या वर्गातली एक मुलगी, जी एरवी तासभर एक शब्द बोलत नाही, उभी राहून म्हणाली, “बाई, थांबवा. इथे रोप एकदम उडी मारतं.” मागे जाऊन पाहिलं. खरंच, दर काही फोटोंनंतर रोप झपकन वाढतं. सगळ्यांना वाटलं कुणीतरी पाळी चुकवली, वादावादी सुरू झाली. तिने भिंतीवरचं कॅलेंडर आणलं, बोटाने मोजलं, आणि म्हणाली, “नाही बाई, हा रविवार आहे.”

आता दुसरी कुंडी लावली आहे. यावेळी रविवारी कुंडी कुणाच्या घरी जाणार, यावरून भांडणं चालू आहेत.